झाडीपट्टीच्या रात्री आवाज कुठून येतो

झाडीपट्टीच्या नाटकावर शहरी समीक्षकाचे आक्षेप ठरलेले आहेत. नट फार मोठ्याने बोलतात. प्रत्येक वाक्याला हात उचलतात, मान झटकतात. एक जण बोलत असला की बाकीचे जागचे हलत नाहीत. समोरासमोर उभी असलेली दोन पात्रे एकमेकांकडे न पाहता प्रेक्षकांकडे तोंड करून भांडतात, आणि संवादाची फेक संपली रे संपली की वाद्यवाला तिच्यावर ठोका देतो. निरीक्षण म्हणून यातले काहीच खोटे नाही. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष, की ही रंगभूमी अजून अभिनय शिकायची आहे, तो मात्र घाईचा आहे. या सवयींच्या मुळाशी एक जुनी आणि अवघड अडचण आहे. रात्री, उघड्यावर, हजारोंच्या गर्दीपुढे आवाज एकीकडून येतो आणि बोलणारे शरीर दुसरीकडे असते. हा आवाज त्या शरीराचाच आहे, हे बघणाऱ्याच्या मेंदूला पटवायचे कसे? डोळ्यांनी आणलेली बातमी आणि कानांनी आणलेली बातमी एकत्र करण्याचे काम मेंदू सतत करत असतो. झाडीपट्टीने त्या कामाचे नियम कोणतेही पुस्तक न वाचता हेरले आणि त्यांवर आपली अभिनयपद्धती बेतली, असे माझे म्हणणे आहे.

आधी टापू समजून घेऊ. उदाहरणादाखल पोंभुर्णा घ्या, चंद्रपूर जिल्ह्यातला लहानसा तालुका. पूर्वेला वैनगंगा आणि तिच्यापल्याड गडचिरोली, जो २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत चंद्रपूरचाच भाग होता. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि रानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान निघाले, हातात चार पैसे आले की दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरू लागतात, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात. लेकी-जावई आणि सोयरे मुक्कामाला येतात, सोयरिकी जुळतात, आणि त्या मुक्कामाच्या रात्री गावात नाटक असते. ते रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडायला संपते. नाटक ठरवायला गावचे मंडळ वडशाला, म्हणजे देसाईगंजला जाते. तिथल्या नाट्यसंस्थांना लोक ‘प्रेस’ म्हणतात, कारण जाहिराती छापणारे छापखाने आणि नाटके ठरवणारी कचेरी ही एकाच धंद्याची दोन अंगे होती. हंगामात नटाला आज या गावात एक नाटक तर उद्या दुसऱ्या गावात दुसरेच नाटक करावे लागते. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांनी हजारो प्रयोग आणि शेकडो भूमिका केल्या आहेत. हा आकडा शहरी नटाला अशक्य वाटेल, पण झाडीपट्टीच्या रोजच्या रगाड्यात तो बसतो. रोज नवे नाटक म्हणजे तालमीला वेळ नाही, आणि तालमीला वेळ नाही म्हणजे प्रॉम्प्टर हवाच. हा प्रॉम्प्टर पुढे आपल्या फार कामाला येणार आहे.

आता रंगमंचाकडे पाहू. बोलणारा नट मध्यभागी आहे. त्याचा आवाज माइकने उचलला, तारेतून नेला आणि रंगमंचाच्या बाजूला ठेवलेल्या ध्वनिक्षेपकातून बाहेर टाकला. समजा, ध्वनिक्षेपक मध्यापासून दहा मीटर बाजूला आहे. बरोबर समोर आठ मीटरांवर बसलेल्या माणसाला नट आणि ध्वनिक्षेपक यांच्यात पन्नास अंशांचे अंतर पडते. चाळीस मीटर मागे बसलेल्याला तेच अंतर जेमतेम चौदा अंशांचे असते. कानाचा हिशेब सरळ लावला तर दोघांनाही आवाज बाजूच्या खोक्यातून येतो असेच जाणवायला हवे. प्रत्यक्षात नाटक रंगले की मागच्या माणसाला खोके आठवतही नाही. त्याला राजा बोलताना दिसतो आणि राजाच्या तोंडून ऐकू येते. सी. व्ही. जॅक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हीच गोष्ट शिट्टीच्या किटल्यांनी तपासली. वाफ एका किटलीतून निघताना दिसे आणि शिट्टी दुसऱ्याच, लपवलेल्या जागेवरून वाजे. दोहोंत तीस अंशांपर्यंत अंतर असतानाही लोक शिट्टी वाफेच्या किटलीचीच मानत. हा निष्कर्ष आपल्या अंगणात आणून ठेवला तर गंमत दिसते. दहा मीटर बाजूच्या ध्वनिक्षेपकाचे अंतर तीस अंशांच्या आत यायला प्रेक्षकाने साधारण सतरा मीटर मागे बसावे लागते. त्याच्याही पुढे बसलेल्यांना नटाचा खरा, घशातला आवाज थेट ऐकू येऊ शकतो. म्हणजे पुढच्यांची सोय नटाचा गळा करतो आणि मागच्यांची सोय त्यांचा मेंदू करतो. फसतो तो फक्त कोपऱ्यात, ध्वनिक्षेपकाला खेटून बसलेला.

मराठी माणसाला हा चमत्कार दुसऱ्या एका वाटेने परिचित आहे. यशवंत पाध्ये आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी शब्दभ्रमाची कला महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली. पाध्यांचा बाहुला अर्धवटराव बोलतो तेव्हा आवाज कुठेही ‘फेकला’ जात नाही. तो पाध्यांच्याच घशातून, त्यांच्याच जागेवरून येतो. कलावंत फक्त आपले ओठ स्थिर ठेवतो आणि बाहुल्याचा जबडा शब्दाबरोबर हलवतो. उरलेले काम आपण करतो. जपानच्या बुनराकू बाहुलीनाट्यात तर निवेदक रंगमंचाच्या कडेला उघड बसून सगळ्या पात्रांचे संवाद म्हणतो, आणि तरी प्रेक्षक रडतो तो बाहुलीकडे पाहून.

मात्र डोळा नेहमीच कानावर कुरघोडी करतो, असे समजणे चूक आहे, आणि झाडीपट्टीचा जुना इतिहास समजून घेताना ही चूक महागात पडते. डेव्हिड अलैस आणि डेव्हिड बर यांनी २००४ मध्ये दाखवले की दिसणारी खूण स्पष्ट असेल तर आवाज तिच्याकडे ओढला जातो, पण तीच खूण पुरेशी धूसर केली की उलटे होते आणि दिसणारी वस्तू आवाजाच्या जागी सरकल्यासारखी वाटते. मेंदू दोन्ही साक्षीदारांचे ऐकतो आणि ज्याची साक्ष जास्त भरवशाची त्याच्या शब्दाला जास्त वजन देतो. हे ध्यानात ठेवून माइकच्या आधीच्या काळाकडे वळू. झाडीपट्टीच्या नाटकाच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत आहेत; झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या लोककलांच्या नोंदीसाठी आयुष्य वेचले. खड्या गंमतीला मंच लागत नसे. माणसे कडे करून बसत, मधली मोकळी जागा हाच रंगमंच. उजेड मशालीचा किंवा टेंभ्याचा, पुढे गॅसबत्तीचा. अशा हलत्या, पिवळट उजेडात दहा हातांवरच्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. दिसते ती आकृती, तिचा झोक, कपड्याचा रंग. डोळ्याची साक्ष इथे कच्ची असते. मग भार कानावर पडतो, आणि त्या काळच्या कलेने कानाला काय दिले ते पाहा: ढोलकी, झांज, तुणतुणे, साथीदारांनी उचललेले पालुपद, आणि नाच्याच्या पायांतले घुंगरू. घुंगरांकडे आपण दागिना म्हणून पाहतो. पण पाऊल पडले त्याच क्षणी, पाऊल पडले त्याच जागी आवाज करणारी ती वस्तू आहे. धूसर दिसणाऱ्या शरीराला ती आवाजाचा ठाम पत्ता देते. अंधारात नाच्या कुठे आहे हे डोळ्याआधी कानाला कळते आणि मग डोळा तिथे पोहोचतो.

यामागचे यंत्र मेंदूत नेमके कुठे आहे, हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे. मध्यमेंदूच्या वरच्या अंगाला सुपिरियर कॉलिक्युलस नावाचा छोटा उंचवटा असतो. डोळे आणि मान आवाजाच्या दिशेने वळवणे हे त्याचे एक मुख्य काम. बॅरी स्टाइन आणि अॅलेक्स मेरेडिथ यांनी १९८० च्या दशकात मांजरांच्या मेंदूतल्या या भागाचा अभ्यास केला. तिथल्या अनेक पेशी प्रकाश आणि आवाज दोन्हींना दाद देतात. अंधूक प्रकाश एकटा दाखवला तर पेशी जेमतेम हलते, क्षीण आवाज एकटा ऐकवला तरी तेच. पण दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने आले तर तिची प्रतिक्रिया दोघांच्या बेरजेहूनही मोठी होते. आणि साक्षी जितक्या दुबळ्या, तितका हा एकत्र येण्याचा फायदा मोठा. ज्या मुलखात संध्याकाळनंतर सांबराचा किंवा वानराचा इशारा ऐकून पाऊल थांबवावे लागते, तिथे या उंचवट्याची मूळ उपयुक्तता सांगत बसायला नको. लोककलेने जिवासाठी घडलेली हीच सोय करमणुकीला जुंपली. मंद उजेड आणि लांबून येणारा आवाज ही तिची गरिबी होती हे खरे, पण नेमक्या याच गरिबीत ठोका आणि पाऊल एका क्षणी पडले तर सर्वांत मोठी दाद मिळते.

आवाज आणि शरीर यांची फारकत हा प्रकार यंत्राने आणला असेही नाही. मराठी रंगभूमीचा जन्मच त्या फारकतीत झाला. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे म्हणायचा तो सूत्रधार. राम, सीता, रावण आपापल्या जागी अभिनय करत, आणि त्यांच्या मनातले, त्यांच्या हातून घडणारे सगळे सूत्रधाराच्या गळ्यातून बाहेर पडे. पात्रांचे स्वतःचे बोलणे बरेचसे ऐनवेळचे असे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने पदे पात्रांच्याच तोंडी दिली. वाङ्मयाच्या इतिहासात हा बदल साहित्यिक म्हणून नोंदवला जातो. प्रेक्षकाच्या मेंदूच्या बाजूने पाहिले तर आवाज त्याच्या मालकाकडे परत गेला, एवढा तो ठळक होता. गाणाऱ्या नटाचे युग त्यातूनच आले. संगीत नाटकाचे हे वळण झाडीपट्टीतही उतरले, आणि मुंबई-पुण्यात संगीत नाटक ओसरल्यावरही इथे नाटकात गाणी टिकून राहिली. दंडारीतून आलेले पालुपद आणि संगीत नाटकातून आलेले पद एकाच मंचावर नांदू लागले.

मग माइक आला. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची ‘शिकागो रेडिओ’ ही कंपनी स्वातंत्र्यपूर्व काळातच काँग्रेसच्या सभांना भोंगे पुरवत होती. सभेमागोमाग भोंगा जत्रेला आणि नाटकाला लागणे स्वाभाविकच होते. त्याने प्रेक्षकसंख्येवरची मर्यादा काढून टाकली, कारण आता नटाचा गळा पोहोचेल तिथपर्यंतच बसण्याची सक्ती राहिली नाही. पण किर्लोस्करांनी मालकाकडे परत दिलेला आवाज पुन्हा काढून बाजूच्या खोक्यात ठेवला गेला. शिवाय मागच्या प्रेक्षकाला आणखी एक तोटा झाला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चाळीस मीटर मागे बसलेल्याला नटाचा हात वर जाताना लगेच दिसतो, शब्द मात्र सेकंदाच्या आठव्या-नवव्या भागाने उशिरा येतो. दूरचित्रवाणीच्या प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये नोंदवलेली मर्यादा इथे पडताळून पाहण्यासारखी आहे. आवाज चित्राच्या पुढे पळाला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांतच लोकांना खटकते, पण मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हा पक्षपात निसर्गानेच शिकवलेला आहे, कारण प्रकाशाच्या आधी आवाज पोहोचला असे जगात कधी होत नाही. चाळीस मीटरांचे १२० मिलिसेकंद या सवलतीत अगदी काठावर बसतात. याहून मागे बसणाऱ्यासाठी नटाला काही तरी जादा करावे लागते, आणि तो तेच करतो.

तो काय करतो? चाळीस मीटरांवरून ओठ दिसत नाहीत. सुंबी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्ये दाखवले होते की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द अधिक कळतात आणि गोंगाट जितका जास्त तितका चेहऱ्याचा उपयोग जास्त. चेहराच दिसत नसेल तर त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घ्यायला हवी. केव्हिन मन्हॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की वक्त्याच्या मानेची नैसर्गिक हालचाल दिसली तरी गोंगाटातले शब्द जास्त ओळखता येतात. २०२१ मध्ये हान्स रटगर बॉस्कर आणि डेव्हिड पीटर्स यांनी त्याहून पुढचे दाखवले: हाताचा झटका कोणत्या अक्षरावर पडला यावरून ऐकणाऱ्याला शब्दातला आघात वेगळ्या जागी ऐकू येतो. म्हणजे हात फक्त भावना दाखवत नाही, तो ऐकू येणारा शब्द घडवतो. आता झाडीपट्टीचा नट पुन्हा पाहा. आघाताच्या अक्षरावर हात, वाक्याच्या शेवटी मान, ओठांऐवजी अख्खा खांदा. बाकीचे स्थिर, कारण दोन शरीरे एकाच वेळी हलली तर मेंदूला आवाज कोणाकडे द्यावा ते कळत नाही. तोंड प्रेक्षकांकडे, कारण पाठमोऱ्या शरीराला आवाज चिकटवणे कठीण. आणि वाक्य संपल्यावरचा ढोलकीचा ठोका म्हणजे या आवाजाची मालकी इथे संपली, आता पुढचा बोलणार, याची खूण. शहरी समीक्षकाच्या यादीतला प्रत्येक दोष इथे एकेक काम करताना सापडतो.

प्रॉम्प्टरचे कोडेही याच चौकटीत सुटते. तो नटाच्या एक पाऊल पुढे वाक्य वाचत असतो, माइक त्यालाही उचलतो, आणि प्रेक्षकांतल्या कित्येकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येऊ शकते. तरी त्यांना नाटक दोनदा ऐकल्यासारखे वाटत नाही. जॉन ड्रायव्हर यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. एकाच ध्वनिक्षेपकातून दोन माणसांचे शब्द एकत्र ऐकवले आणि त्यांपैकी एकाचा बोलणारा चेहरा ध्वनिक्षेपकापासून दूर दाखवला. चेहरा दूर असताना ऐकणाऱ्यांना त्याचे शब्द वेगळे काढणे सोपे गेले, कारण तो आवाज मनात चेहऱ्याकडे सरकला आणि दुसऱ्या आवाजापासून सुटा झाला. झाडीपट्टीत हा प्रयोग रात्रभर चालतो. नट आणि प्रॉम्प्टर एकाच खोक्यातून बोलतात; नटाचे हात त्याचा आवाज स्वतःकडे ओढून नेतात आणि प्रॉम्प्टर खोक्यातच मागे राहतो. ठोकळ्यासारख्या उभ्या नटाच्या नाटकात हीच कुजबुज लगेच खटकू लागते.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप काळाचा आहे. हातवारे, समोर तोंड, मोठी फेक ही पारशी नाटक कंपन्यांची आणि जुन्या मराठी मंडळ्यांची देणगी आहे, ती माइकपेक्षा कितीतरी जुनी. मग माइकने ती घडवली कशी म्हणता? तसे मी म्हणतही नाही. एखादी पद्धत कुठून आली हा एक प्रश्न आणि ती का टिकली हा दुसरा. पारशी शैली मुंबईतही होती, पुण्यातही होती. तिथे ती गेली. नाटक बंदिस्त नाट्यगृहात आले, प्रेक्षक काही शेकड्यांवर आला, उजेड नटाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचला, आणि कुजबुजलेले वाक्यही शेवटच्या रांगेला कळू लागले. तिथे हाताला करण्यासारखे काम उरले नाही, म्हणून तो शोभेचा वाटू लागला आणि गळून पडला. झाडीपट्टीत जागा उघडी राहिली, गर्दी वाढली, ध्वनिक्षेपक बाजूला गेले, आणि हाताचे काम उलट वाढले. जुने हत्यार नव्या कामाला लागले, एवढेच माझे म्हणणे आहे. मशालीच्या काळी ते दुबळ्या आवाजाला दुबळ्या आकृतीशी बांधत होते, माइकच्या काळी दणदणीत पण परागंदा आवाजाला शरीराशी बांधते.

दुसरा आक्षेप जास्त साधा आहे आणि म्हणून जास्त लोक घेतात: यात मेंदूचे काय, प्रेक्षकाला कथा माहीत असते, कोण बोलतो हे तो अर्थावरून ओळखतो. अर्थ मदत करतो यात वाद नाही. पण जाणिवेची ही जोडणी ज्ञानाला फारशी विचारत नाही. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी ‘ब’ असा आवाज ‘ग’ म्हणणाऱ्या ओठांबरोबर दाखवला. लोकांना ‘द’ ऐकू आला. लबाडी समजावून सांगितली तरी तो ‘द’च ऐकू येत राहतो. कथा न कळणाऱ्यांचीही साक्ष आहे. पॅट्रिशिया कूल आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८२ मध्ये साडेचार महिन्यांच्या आसपासच्या बाळांना दोन चेहरे दाखवले. बाळे ऐकू येणाऱ्या स्वराशी जुळणाऱ्या तोंडाकडे जास्त वेळ पाहत राहिली. दुसऱ्या टोकाला, ही जोडणी सगळीच तयार होऊन येते असेही नाही. दिल्लीत पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. दृष्टी आल्यानंतर लगेच तपासलेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही, पण काही दिवसांतच त्यांची ओळख सुधारली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडणी अनुभवाने बसते आणि एकदा बसली की विचाराच्या परवानगीशिवाय चालते. आपल्या नैयायिकांनाही हा प्रश्न पडला होता: डोळ्याने पाहिलेली आणि हाताने धरलेली वस्तू एकच, हे कोण ठरवतो? त्यांनी त्यावरून इंद्रियांपलीकडच्या आत्म्याचे अस्तित्व सिद्ध करायचा प्रयत्न केला. त्यांच्या उत्तराशी सहमत व्हायची गरज नाही. प्रश्न मात्र त्यांनी बरोबर जागी नेऊन ठेवला होता.

शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला काय ऐकू आले याचा पुरावा आजच्या प्रयोगशाळेतून काढणे इतिहासाला धरून आहे का, असेही कोणी विचारील. काही बाबतीत नक्कीच आहे. हवेतला ध्वनीचा वेग बदललेला नाही आणि सुपिरियर कॉलिक्युलसही. मशालीच्या उजेडात ओठ दिसत नव्हते आणि उघड्यावर गळा फार लांब पोहोचत नव्हता, हे सांगायला प्रत्यक्षदर्शी लागत नाही. पद्धत कशी टिकली याचा अंदाज त्या दोन अडचणींवरून बांधता येतो. आज तर याचा उलटा पडताळाही घरबसल्या मिळतो. झाडीपट्टीची नाटके आता मोबाइलवर पाहता येतात. तिथे नट हातभर अंतरावर, आवाज त्याच फोनच्या कडेतून, उशीर शून्य. चाळीस मीटरांसाठी बेतलेला हात हातभर अंतरावर अर्थातच भडक दिसतो. अशा चित्रफिती पाहून या अभिनयावर मत देणाऱ्याने आपण कोणत्या जागेवर बसून पाहतो आहोत, एवढे तरी लक्षात घ्यावे.

एका ठिकाणी मात्र माझी मांडणी हात टेकते, आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. दंडारीत आणि गंमतीत स्त्रियांची सोंगे पुरुष घेत. लुगडे, बांगड्या, कुंकू, आणि घोगरा पुरुषी आवाज. मोठ्या मराठी रंगभूमीवरही बालगंधर्वांपर्यंत हीच रीत होती. नंतर झाडीपट्टीत नट्या आल्या आणि आज त्यांच्याशिवाय नाटकाची जाहिरात लागत नाही. या बदलाचे कारणही इंद्रियांत शोधावे, असा मोह होतो: बाईच्या रूपाला बाईचा आवाज मिळाल्याने जोडणी घट्ट झाली असेल. पुरावा तसे सांगत नाही. केरी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मॅकगर्कचा प्रयोग स्त्रीचा चेहरा आणि पुरुषाचा आवाज घेऊन केला. विसंगती बघणाऱ्यांना स्पष्ट कळत होती, आणि तरी ओठ आणि आवाज तितक्याच सहजपणे एकजीव झाले. शब्द जोडताना मेंदू आवाज कुणाला शोभतो हे पाहत नाही, तो क्षण जुळतात का हे पाहतो. म्हणजे लुगड्यातल्या पुरुषाचा संवाद प्रेक्षकाच्या कानाला कधीच तुटक वाटला नसावा. नट्या आल्या त्याची कारणे तिकीटविक्रीच्या चढाओढीत, सिनेमाने बदललेल्या अपेक्षांत, आणि नाटकात काम करून घर चालवायला पुढे आलेल्या बायकांच्या निर्णयात शोधावी लागतील. ती शोधायची तर प्रयोगशाळेतले निबंध बाजूला ठेवून वडशाच्या प्रेसमधल्या करारवह्या आणि जुन्या जाहिराती उघडाव्या लागतील.